जनरलसाहेबांचा बाथटब

२ मार्च, सकाळ
आजपासून नियमित रोजनिशी. मोठमोठे सेनापती लिहायचे, मग मी का नको?

सद्यस्थिती: मागची खोली म्हणजे माझं मुख्यालय. आठ फुटी टेबल, त्यावर थर्मोकोलचे डोंगर, मधे खिंड. बोटभर उंचीचे शिशाचे सैनिक एकशे चाळीस. रंगवून झालेले अकरा. उरलेले रविवारपर्यंत होतील.

खेळ फाशांचा असला तरी पोरखेळ नव्हे. सव्वाशे वर्षांपूर्वी साहेबाचं सैन्य डोंगरी टोळ्यांवर चालून गेलं, ती मोहीम जशीच्या तशी खेळायची. आधार एकच, खुद्द जनरलसाहेबांनी लिहिलेलं लाल पुठ्ठ्याचं पुस्तक, पानं सहाशे बारा. आमच्या युद्धखेळांच्या क्लबात नियम मीच आणला: वाद झाला की पान दाखवायचं. पान दाखवलं, विषय संपला. तेव्हापासून आमचे सेक्रेटरी, म्हणजे दातांचे डॉक्टर, मला वचकून असतात. निदान माझ्याशी बोलायचं टाळतात.

५ मार्च
सासूबाई आल्या. पाय मोडलाय. प्लास्टर, वॉकर, तीन बॅगा. तीस वर्षं हेडनर्स होत्या. आल्या आल्या वॉर्डात राउंड घ्यावा तसं घर बघितलं. ही म्हणाली, आईला मागची खोली देऊ, बाथरूम जवळ आहे. मी म्हटलं, मोहीम तोंडावर आलीय. ती म्हणाली, आईचा पाय मोडलाय. मी म्हटलं, पुस्तकात असं आहे की... पुढचं तिने ऐकून घेतलं नाही.

तूर्त सासूबाई हॉलमध्ये दिवाणावर. रिमोट त्यांच्याकडे गेला. मुख्यालय शाबूत.

८ मार्च
कोटाला बटणं पाच की सहा? चित्रावर नेमका तिथेच डाग पडलाय. अख्खी दुपार भिंगातून बघण्यात गेली. सहा ठरवली.

पुस्तक पान १३८ पर्यंत वाचून झालं. पुढचं वाचायची घाई नाही. साहेबच जिंकला असणार. हरलेला माणूस सहाशे पानं कशाला लिहील?

रंगवलेले: बारा.

१० मार्च
आज बाथटब! पान ९४: जनरलसाहेब मोहिमेवर पत्र्याचा बाथटब, अठरा खुर्च्या आणि दारूच्या पेट्या घेऊन निघाले. चाळीस खेचरं लागली. आपण काही सोडणार नाही. टब पेनाच्या टोपणातून कापला, आतून पांढरा रंगवला. काय देखणा झालाय!

सासूबाई वॉकर टेकत दारात आल्या. म्हणाल्या, दुसऱ्याच्या घरात घुसायचं ते घुसायचं, वर आंघोळीची सोयही जवळ बघायची? मनात म्हटलं, हे कोण बोलतंय! तोंडाने म्हटलं, इतिहास आहे आई.

१३ मार्च
टोळ्यांकडून खेळणारा गडी बदली होऊन गेला. डॉक्टर म्हणतात, माझ्यासमोर खेळायला कोणी तयार नाही. भीती, दुसरं काय. तेवढ्यात हिने परत खोलीचं टुमणं लावलं. सासूबाई हॉलमधून ओरडल्या, मी खेळते की! जिंकले तर खोली माझी, हरले तर पुन्हा नाव काढणार नाही.

मी लगेच हो म्हटलं. हसू दाबता दाबता पोट दुखलं. टोळ्यांबद्दल मला पुस्तकात एकच ओळ सापडलीय: पहिल्या फैरीला पळतात.

त्यांनी वाचायला पुस्तक मागितलं. दिलं. आपण दिलदार माणूस.

१६ मार्च
सासूबाईंनी पुस्तक परत केलं. तीन दिवसांत कंटाळल्या बिचाऱ्या. पानापानांत गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या खोचल्यात. काढायला गेलो तर म्हणाल्या, राहू द्या, जावईबापू, लागतील.

१८ मार्च, रविवार, सकाळी १०
विजय निश्चित. रंगवलेले सतरा, अधिक टब. बाकीचे धुक्यात आहेत असं समजायचं. पंच म्हणून डॉक्टर आलेत.

दुपारी १
तपशील नंतर.

संध्याकाळी ६
तोफा पुढे घालून खिंडीत शिरलो. सासूबाई म्हणाल्या, थांबा. पान २०३: खिंडीत सामान पुढे, तोफा मागे, कारण मुक्कामाला पोचल्या पोचल्या साहेबांना आंघोळ लागायची. डॉक्टरांनी मान डोलावली. टब पुढे घेतला.

मी फैर झाडली. टोळ्या पळाल्या. मी टाळी वाजवली. सासूबाई म्हणाल्या, पान २२६: पळतात ते साहेबाला आत ओढायला. मी म्हटलं, दाखवा पान. दाखवलं. मग पान २३१, खेचरं आडवी झाली, वाट बंद. पान २३४, वरून दगड. माझे एकशे वीस सैनिक बाथटबच्या मागे रांग लावून मेले. तोफा खिंडीबाहेरच राहिल्या, एक गोळा उडाला नाही. पान २५० पासून शेवटपर्यंत साहेब आपण हरलो कसे नाही तेच समजावतात.

डॉक्टरांना म्हटलं, हा नियम रद्द करू. ते म्हणाले, नियम तुमचाच आहे. दोन महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले.

वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू? सात वर्षं ती खोली माझी होती. घरात तेवढ्याच जागी मला कोणी मधे तोडत नव्हतं.

२० मार्च
शिस्तबद्ध माघार. पलंग मीच आत लावला. मुख्यालय आता वॉशिंग मशीनवर. मशीन चालू झालं की फौज थरथरते. टेबल दारातून निघेना, म्हणून ते सासूबाईंकडेच. तह माझ्या बाजूने झाला: टेबल दर रविवारी चार ते सहा माझं. दार वाजवून यायचं.

२५ मार्च, रविवार, दुपारी ४
दार वाजवलं. आतून सासूबाई म्हणाल्या, जरा दम धरा, डाव ऐन रंगात आलाय. दाराशी चपलांचे सहा जोड. डॉक्टरांचे बूट मी ओळखतो. अख्खा क्लब आत, आणि मला साधा निरोपही नाही!

हिला म्हटलं, तहाचा भंग होतोय. ती म्हणाली, रिकामेच आहात तर एवढा ट्रे नेऊन द्या.

४.२०
ट्रे घेऊन पुन्हा दार वाजवलं. आत हसणं थांबलं. डॉक्टरांनी विचारलं, कोण आहे?

म्हटलं, चहा.