न कळण्याची नोकरी

मी, रघुवीर मोरेश्वर वाळिंबे, वय ६९, मर्चंट नेव्हीतून निवृत्त चीफ इंजिनिअर, राहणार आंग मो किओ, सिंगापूर, हे मृत्युपत्र आपणहून लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघ्यांबद्दल तसे लिहून देता येत नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. माझी पत्नी सुमित्रा गेल्या वर्षी वारली, तेव्हापासून तसा अधिकार कोणाला उरलेला नाही.

१. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. रद्द करायची आणखी एक गोष्ट आहे, ती कलम ५ मध्ये येईल.

२. माझा मुलगा प्रतीक याचा सेंगकांगला स्वतःचा फ्लॅट आहे. म्हणून माझा फ्लॅट विकावा आणि रक्कम त्याने घ्यावी. बाथरूमचा नळ उलट्या बाजूला फिरवल्यावर बंद होतो, हे नव्या मालकाला सांगावे. तो मी बसवला आहे.

३. पान्यांची पेटी प्रतीकला. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे उपयोग नाही. पण पेटी जड आहे, दार उघडे ठेवायला चालेल. तिच्यात चोवीस नंबरचा पाना नाही. तो १९९४ पासून माझा मित्र पद्माकर याच्याकडे आहे. पद्माकर या मृत्युपत्राचा साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देता येत नाही, असे वकील सांगतात. तेव्हा पाना मी त्याला दिला, असे कोणी समजू नये.

४. सुमित्राचे ड्रॉइंगचे टेबल आणि काळ्या शाईची पेने प्रतीकची मुलगी आर्या, वय १७, हिला. हे टेबल कशाचे ते लिहून ठेवतो, कारण प्रतीक लोकांना "आई ऑफिसात होती" एवढेच सांगतो.

सुमित्रा इथल्याच एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत बारा वर्षे होती. बाकी सगळे इंजिनिअर. नवे यंत्र तयार झाले की ते तिच्यापुढे ठेवत आणि कोणी तोंड उघडायचे नाही, असा नियम होता. ती ते चालवून बघे आणि जिथे अडे तिथे चित्र काढी. तीच चित्रे माहितीपत्रकात छापली जात.

२००२ साली टायमरचा राइस कुकर आला. नमुना तिने घरी आणला होता. मला राहवले नाही. तिने विचारले नसताना मी समजावून सांगितले, की आधी वेळ लावायची, मग बटण तीन सेकंद दाबून धरायचे. दुसऱ्या दिवशी ती कंपनीत कुठेच अडली नाही. बटणाचे चित्र निघाले नाही. माहितीपत्रके छापली गेली आणि घरोघरी सकाळी कुकरमध्ये भिजलेले तांदूळ निघाले. मॅनेजर तिला इथल्या इंग्रजीत म्हणाला, "मॅडम, यू सो क्लेव्हर ऑलरेडी, हाऊ कॅन?" म्हणजे, इतकी हुशार झालीस तर कसे चालेल?

घरी येऊन तिने चपलाही काढल्या नाहीत. "अहो, मला न कळण्याचा पगार मिळतो! जन्मभर इंजिनं दुरुस्त केलीत ना? मग माझं डोकं कशाला दुरुस्त करता?"

चित्र घालून पत्रक पुन्हा छापले आणि तिची नोकरी वाचली. त्यानंतर मी तिला काहीही समजावले नाही. आमचे त्यानंतर फार बरे चालले.

५. सुमित्राच्या वर्षश्राद्धाच्या जेवणात आर्या म्हणाली, की तिला चित्रकलेचा कोर्स करायचा आहे. प्रतीक म्हणाला, "चित्रं काढून पोट भरतं का? दहा वर्षांत सगळं कॉम्प्युटरच काढणार."

आर्या इथल्या मुलांसारखी शेवटी "लाह" लावून म्हणाली, "आजीचं भरत होतं, लाह."

"बाबा, तुम्ही तरी सांगा हिला," प्रतीक म्हणाला. मी भात कालवत राहिलो. ते माझे गप्प राहणे मी या कलमाने रद्द करतो.

बँकेतली माझी मुदत ठेव आर्याच्या त्या कोर्ससाठी आहे, दुसऱ्या कशासाठी नाही.

६. सुमित्राने हॉस्पिटलमध्ये माझ्यासाठी वरण करण्याची पाच चित्रे काढली. ती फ्रिजवर आहेत. तिसऱ्यात मी फोडणीत हात भाजून घेतो आहे. ही चित्रे मी कोणालाही देत नाही. माझ्याबरोबर ठेवावीत.

७. हा मसुदा मी काही न सांगता आर्यापुढे ठेवला. ती एकाच ठिकाणी अडली. "आजोबा, ठेव बाबांच्या हातात दिलीय. ते नाही म्हणाले तर?" तेव्हा कलम ५ मध्ये तसेच होते. मी ते बदलले. ठेव आता माझी सून किमया सांभाळेल आणि प्रतीकची सही लागणार नाही.

अडली तिथे आर्याने चित्रही काढले. एक मुलगी बटण दाबून उभी आहे आणि तिचे वडील हात न लावता घड्याळ बघत थांबले आहेत. चित्राला कायद्यात किंमत नाही, असे वकील म्हणाले. तरी ते जोडले आहे. प्रतीकला ते बघताच कळावे. न कळल्यास दोष आर्याचा नाही, माझा. त्याला मी लहानपणापासून फार समजावून सांगितले.

सही: रघुवीर मोरेश्वर वाळिंबे
आंग मो किओ, सिंगापूर, १४ मार्च २००८

वरील सही आम्हा दोघांच्या देखत झाली:
१. पद्माकर शृंगारपुरे, बिशान (पाना आणायला विसरलो.)
२. मीनल टिपणीस, शेजारीण