सहा रोलर आणि मागची सीट

ठाणे,
रविवार, संध्याकाळ

प्रिय ओवेन यास,
सिडनी अंकलचे पोटभर आशीर्वाद. तुझी, ग्रेसची आणि तिकडच्या थंडीची तब्येत कशी आहे? इकडे देवाच्या दयेने सगळे ठीक. माझा डावा गुडघा तेवढा कुरकुरतो, पण घरात कुरकुरणारा तो एकटाच नसल्यामुळे त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी खरडल्या असत्या, पण माझा फोन तुझी अ‍ॅग्नेस आंटी माझ्याआधी वाचते, म्हणून पोस्टाची वाट धरली. हे पत्र तिच्या हाती लागणार नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो. ओवेन, जिंकलो रे! तुझा क्लच जिंकला, तुझं कॅनडा जिंकलं, आणि जूडचं तोंड असं उघडं पडलं की त्यात अख्खा फुगा मावला असता!

आता पहिल्यापासून सांगतो. आमची स्कूटर सपाटीवर अगदी गुणी आहे. पण आमच्या लेकीने, अलिशाने, फ्लॅट घेतला घोडबंदर रोडला, डोंगर कापून उभ्या केलेल्या टॉवरमध्ये, आणि गेटपासून लॉबीपर्यंत चढाव असा की बकरीनेही विचार करावा (बिल्डरच्या जाहिरातीत याला ‘निसर्गरम्य उंची’ म्हटलंय). आम्ही दोघं बसलो की स्कूटर अर्ध्यावर मान टाकते, अ‍ॅग्नेस उतरून पायी चढते आणि वरच्या बाल्कन्यांतून लोक बघतात. त्यात अलिशाच्या लेकीचा बाप्तिस्मा ठरला, जेवण टॉवरच्या हॉलमध्ये, आणि माझा मेव्हणा जूड सगळ्यांसमोर म्हणाला, “ताई, तू माझ्या एसीत बस ना, भावोजींच्या गाडीला आधी पेन्शनीत काढ.” अ‍ॅग्नेसने माझ्याकडे पाहिलं आणि जाहीर केलं की या वेळी स्कूटरवर बसून वर पोचले तर पोचले, नाहीतर यापुढे चर्च, बाजार, लग्न, मयत, सगळीकडे जूडच्या गाडीतून. तीस वर्षं ती माझ्या मागे बसत आलीय, ओवेन. माझी झोप उडाली.

तेव्हाच तुझ्या त्या स्नोमोबाईलच्या गोष्टी आठवल्या. बर्फाच्या डोंगरावर चढायला तू क्लचमधली वजनं बदलतोस, तसेच आपल्या स्कूटरच्या पुढच्या पुलीत सहा रोलर असतात, हे तूच सांगितलंस. रोलर जड तर गाडी घाईघाईने पुढच्या चालीला जाते आणि चढावावर धापा टाकते. हलके तर इंजिन चढ्या आवाजात जोर धरून ठेवतं. टेंभी नाक्याचा आमचा मेकॅनिक साईनाथ म्हणाला, “अंकल, हे कॉलेजची पोरं करतात, तुम्ही कुठे रेस लावताय?” मी म्हटलं, “घरातच लागलीय.” रोलर तोलायला त्याच्याकडे काटा नव्हता, म्हणून शेजारच्या सोनाराकडे गेलो. त्याने ते काळे रोलर उलटसुलट पाहून अतिशय हळू आवाजात विचारलं, “घरी काही अडचण आहे का?”

पण खरी अडचण पुढेच होती. तू विचारलंस, मागे बसणाऱ्याचं वजन किती? आता हा काय प्रश्न झाला? तुमच्याकडे नवरे असं विचारत असतील. मी तिची फणी शोधता शोधता सहज विचारलं, तिने तितक्याच सहज सांगितलं, “अठ्ठावन्न.” मला शंका आली नाही असं नाही, पण शंका काढायला धैर्य लागतं. तोच आकडा तुला कळवला, तू हिशेब दिलास, साईनाथने रोलर बसवले आणि आठ दिवसांपूर्वी, शनिवारी दुपारी रिकाम्या वेळी आम्ही तालीम करायला गेलो. निम्म्या चढावापर्यंत बहार आली. मग स्कूटरने सूर लावला, पट्ट्याचा जळका वास सुटला आणि आम्ही उभयता सन्मानाने मागे मागे येऊ लागलो. अ‍ॅग्नेसने दोन्ही पाय टेकले म्हणून वाचलो. मागचा रिक्षावाला ओरडला, “अंकल, जायचंय कुठे नक्की, वर की खाली?”

घरी पोचलो. मला वाटलं, संपलं, जूड जिंकला. पण दुसऱ्या दिवशी न्याहारी झाल्यावर तीच म्हणाली, “चल, आंबिवलीला तानाजीकडे.” तानाजी म्हणजे आपला भंगारवाला, त्याच्याकडे लोखंड तोलायचा मोठा काटा आहे. तिने चपला काढल्या, तानाजीला पाठ करून उभं केलं, काट्यावर चढली आणि मला म्हणाली, “बघ. आणि लगेच विसर.” (आकडा मी तुला फोनवर सांगितला आहेच. तूही विसर.) जूडला हरवायला ती हेसुद्धा करील असं मला वाटलं नव्हतं. मला त्या भंगारात उभ्या उभ्या भरून आलं. तुझा नवा हिशेब आला, आणखी हलके रोलर बसले.

आणि आज! बाप्तिस्मा छान झाला, पाण्याचा थेंब पडताच पोरीने चर्च डोक्यावर घेतलं. मग आम्ही निघालो, मी पुढे, अ‍ॅग्नेस मागे, तिच्या मांडीवर फुग्यांचा डबा. टॉवरच्या गेटवर वॉचमनने नेहमीप्रमाणे थांबवलं, नावगाव झालं, आडवा दांडा वर गेला आणि मी स्कूटरचा कान पिळला. ओवेन, काय सांगू! इंजिन गरजलं आणि गाडी सुटली ती थेट लॉबीपाशी! ना धाप, ना वास. तुझ्या हिशेबाची कमाल अशी की मागे कोणी बसलंय हेच जाणवत नव्हतं. वर जूड अवाक होऊन उभा. तुझ्या हातांना यश येवो, बाळा. ग्रेसला आमची आठवण सांग.

तुझा,
सिडनी अंकल

ता. क. – पत्र अ‍ॅग्नेसच्या हाती लागलं. ती म्हणते, पुरतं लिही. तर, गेटवर माझ्या डोक्यात हेल्मेट होतं म्हणून नाव सांगायला ती डबा घेऊन खाली उतरली होती. दांडा वर गेलेला मी पाहिला, बाकी काही पाहिलं नाही. चढावभर मी तिच्याशी तुझ्याबद्दल बोलत होतो. ती गप्प होती ते आनंदाने, असं मला वाटलं. वर अलिशाने विचारलं, “डॅडी, मम्मी कुठाय?” जूड अवाक झाला होता तो यामुळे. तोच मग गाडी घेऊन खाली गेला आणि तिला घेऊन आला. पुढच्या सीटवर बसवून.

ता. क. २ – म्हणजे दोघांची चाचणी झालेलीच नाही, आणि ती आता बसायला तयार नाही. पत्र लिहिण्याचं खरं कारण हे. तू तिला तिकडून लिही की नवे रोलर बसायला मागे तेच माणूस रोज बसावं लागतं, नाहीतर क्लच बिघडतो. हे खरं नाही, मला ठाऊक आहे, पण परदेशातून आलेलं तिला पटतं. खांद्यावर तिचा हात नसला की मला गाडी चालवायला आवडत नाही, ओवेन. एवढं कर.

ता. क. ३ – ओवेन बाळा, मी अ‍ॅग्नेस आंटी. काही खोटं लिहू नकोस. उद्या बाजारात मी याच्याच मागे बसून जाणार आहे, जूडला तसं सांगून झालं. तू फक्त याला एवढंच लिही की गाडीला आरसा लाव.