ओंजळीचा आवाज

११ जाने. ९६, अमळनेर
शोभाला मुंबईहून आणले. तिच्या भावाच्या हाडातली मज्जा तिला मानवली, पण फुफ्फुसात कफ साचतो. तिच्या नवऱ्याची, सुरेशची, रजा संपलेली, म्हणून शेवटचे आठ दिवस तिथे मी होतो. पाठ थोपटायची रीत फिजिओथेरपीच्या बाईंनी मलाच शिकवली : एकेका हाताची पोकळ ओंजळ करून, दिवसातून तीनदा. मी उशीवर शिकलो. बाई म्हणाल्या, "आता पेशंटच्या पाठीवर." म्हणालो, घरी सौ. कमल करणार आहे. शोभा धाकट्या भावाची बायको. मी जेठ, थोरला दीर; तिला हात लावायचा नसतो.

१७ जाने.
कमलला उशीवर शिकवले होते. खोलीचे दार लोटून ती थोपटते, मी ओसरीत घड्याळ पाहतो. आवाज बरोबर नाही. ओंजळीचा पोकळ येतो. हा चपटा, धुणे आपटल्यासारखा. बाहेरूनच म्हणालो, "हात पोकळ ठेव."
"ठेवलाय की! नाहीतर या आत, तुम्हीच करा."
कॉलेजला निघालो. पहिला तास अकराचा होता, निघालो साडेनऊला.

२१, रवि.
सुरेश धुळ्याहून आला. कमलचे पाहून त्यानेही थोपटले. तसाच आवाज. बोललो नाही. कमलचा अपमान नको, असे मनाशी म्हटले.

२४ जाने., जळगाव
ताप, धाप. दवाखान्यात ठेवले. छातीच्या फोटोत उजवीकडे खाली पांढरे. डॉक्टर : "पाठ नीट थोपटता ना?" मी हो म्हणालो. पाठीवर लाल वळ आहेत. कमल रडत होती, "रोज तीनदा केलं हो मी." चूक तिचीच, असे तिला वाटते. मी वाटू दिले.

२६ जाने.
कमल आंघोळीला गेलेली. शोभाला कफ सुटेना. मी दारात. मला पाहून पदर ओढायला गेली, तर हात सलाइनच्या नळीत अडकला.
"नाना, मी मरी गऊ तं खांदा देश्यात ना? मंग आतेच हात लावा."
टॉवेल टाकून थोपटले. हाताला नुसत्या बरगड्या. पहिल्या थापा फार हलक्या पडल्या असाव्यात. म्हणाली, "आखो जोरमा." जोर वाढवला. वाटीभर हिरवट कफ पडला. पंधरा दिवस हा आतच...

२८, रवि.
सुरेशला कमल म्हणाली, "भाऊजी, माझ्याच हाताने बिघडलं." मी तिथेच होतो. औषधाची बाटली हलवत राहिलो, हलवायची नव्हती तरी.

३० जाने.
दुसरा फोटो काढला. डॉक्टर उद्या सांगतील.
कमलची बोटे धरून ओंजळ करून दाखवली. सांगितले, आवाज चुकतोय हे मला पहिल्या आठवड्यातच कळले होते.
"मग बाहेर का बसलात?"
शोभा भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिकडूनच म्हणाली, "मालेबी कळे, ताई. सांगाले लाज वाटनी."
कमल आमच्या दोघांकडे पाहत राहिली. संध्याकाळचे थोपटणे व्हायचे होते. तिने हात मागे घेतला आणि खिडकीशी जाऊन बसली. मी टॉवेल उचलला. दहा मिनिटे थोपटले. कमलने वळून पाहिले नाही.