आखूड बोटांचं वाद्य

दादा,

तू गिटार वाजवायचास तेव्हा मला म्हणायचास, "तुझी बोटं आखूड, तू आपली टाळ्या वाजव."

काल मी उकुलेले घेतलं, चार तारांची छोटी गिटारच म्हण. नुसत्या आवाजावरून निवडायचं म्हणून दुकानदाराकडे पाठ करून उभी राहिले आणि त्याला एकेक वाजवायला लावलं. एकाची तार जराशी घरघरत होती, थेट माझ्या शिलाई मशीनसारखी. तो म्हणाला, "ताई, ते नीट करून देतो." म्हटलं, "हात लावू नका, हेच हवंय."

सुईने घट्टे पडलेली माझी बोटं तारांवर अजिबात दुखत नाहीत. आखूड आहेत, पण पुरतात.

तू आलास की टाळ्यांचं काम तुझ्याकडे. पत्र पेटीत टाकायला निघायचंय, पण त्यासाठी हे उकुलेले मांडीवरून खाली ठेवावं लागेल.

तुझी,
धाकटी