मरियमचा उपास

शनिवार, २ जुलै
पोहोचलो एकदाचा! मिन्या शहरापासून टेम्पोच्या मागच्या फळीवर बसून आलो. कंबरेचा पार भुगा झालाय, पण मन कसं हलकं झालंय. कैरोत आमच्या चर्चचे सगळे हसत होते, बाखूम, पंखा बंद पडला तर आईला हाक मारणारा तू, दोन महिने खेड्यात धर्मसेवा करणार? आता या म्हणावं बघायला. इथले पाद्री, अबूना सरबामून, यांनी पाठ मोडेल अशी मिठी मारली. जेवण शेजारच्या तक्लामावशीकडे. बाई विधवा, जीभ तिखट. माझे दंड बघून म्हणाली, कैरोत जेवायला घालतात की नुसती स्तोत्रंच वाचायला लावतात? तिची आठ वर्षांची दमियाना खो खो हसत सुटली. एकुलती एक आहे, मावशीचा जीव तिच्यात.

रविवार, १० जुलै
आज पहिलं प्रवचन. प्रार्थनाही करायची आणि मनात शंकाही ठेवायची, म्हणजे देवाच्या तोंडावर तुझा भरवसा नाही म्हणण्यासारखंच, असं ठणकावून सांगितलं. बायका डोळे पुसत होत्या. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. इथे सगळे मला उस्ताद म्हणतात, म्हणजे गुरुजी. मावशी म्हणाली, उस्ताद, तुम्ही बोलता तेव्हा स्वर्ग पुढच्याच गल्लीत आहेसं वाटतं, पण जेवायला तेवढं वेळेवर या.

गुरुवार, १४ जुलै
मावशीच्या अंगणात भटकं कुत्रं शिरलं आणि दमियानाच्या पोटरीला चावलं. सोडवायला गेलो तर माझ्या मनगटावर, नेमके गोंदलेल्या क्रुसावर दात. अबूनांनी लगेच अबू तरबूची प्रार्थना मांडली; कुत्रं चावलं की आमच्यात तीच. सात पोरं हात धरून आम्हा दोघांभोवती फिरली. मग अबूना म्हणाले, उद्या दोघंही मिन्याच्या दवाखान्यात जा, इंजेक्शनं घ्या. अख्खं गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं. रविवारी काय बोललो होतो मी? मोठ्यानं सांगून टाकलं, प्रार्थना झाली, आता इंजेक्शन कशाला? मावशीलाही बजावलं, पोरीला नेलंस तर विश्वास तिथेच संपला. तिनं ओढणीचं टोक दातात धरलं, मग हो म्हणाली.

रविवार, ३१ जुलै
दमियाना टुणटुणीत! तिला सगळ्यांसमोर उभी केली आणि म्हटलं, हा बघा चमत्कार. पलीकडच्या वाडीतूनही लोक आले होते. अबूनांनी बाजूला घेऊन हळूच विचारलं, परवा पुस्तकं आणायला मिन्याला गेला होतास, तेव्हा घेतलीस ना इंजेक्शनं? मला हसू आलं. तेही समजल्यासारखे हसले.

रविवार, ७ ऑगस्ट
मरियमचा उपास सुरू झाला. मी भाकरी-मिठावर राहणार. जखम कधीच भरली, तरी मनगटाला मुंग्या येतात.

शुक्रवार, १२ ऑगस्ट
अंगात कसकस. झोप नाही. पाणी घशाखाली उतरतच नाही. गावात मात्र कौतुक, उस्ताद पाण्याचा थेंबही घेत नाहीत! बायका लेकरांना आशीर्वादाला आणतात. मी काही बोलत नाही. बोलायला हवं होतं.

रविवार, १४ ऑगस्ट
मिस्सा संपल्यावर अबूनांनी नेहमीसारखं पवित्र पाणी शिंपडलं. थेंब तोंडावर पडला आणि घसा आवळला. किंचाळलो. देवाच्या घरात, जनावरासारखा. कुणीतरी म्हणालं, सैतान शिरलाय, पाण्याला भितोय बघा.
पंख्याचा वारासुद्धा सोसत नाही.

सोमवार, १५ ऑगस्ट
चर्चमागच्या खोलीत कोंडलंय. मी चावेन म्हणून.
मावशी खिडकीशी येऊन ढसाढसा रडली. म्हणाली, उस्ताद, मी दमियानाला दुसऱ्याच दिवशी पहाटे मिन्याला नेलं होतं. सगळी इंजेक्शनं झाली तिची. गावाला ठाऊक आहे. तुमचं मन दुखेल म्हणून कुणी बोललं नाही. आम्हाला वाटलं, तुम्हीही गुपचूप घेतली असणार, कैरोची माणसं शहाणी असतात.
शहाणी!
आता इंजेक्शनाचा उपयोग नाही. अबूनांच्या चेहऱ्यावरच दिसतंय ते –

मंगळवार, १६ ऑगस्ट
अबूना आणि मावशी गाडी आणायला मिन्याला गेलेत.
प्रार्थना करतो. म्हणजे ओठ हलवतो. तिकडे कुणी नाही. इतके दिवस मी माझाच आवाज ऐकत होतो की काय –
दमियाना अंगणात खेळतेय. वाटलं, ही मेली असती तर मी एकटाच मूर्ख ठरलो नसतो. असं वाटलं मला. मला!

लाळ थांबत नाही. वहीभर –

दाराशी वाडीचे लोक. एक बाई, कडेवर पोर. त्याला काल कुत्रं चावलंय. दमियानाचा चमत्कार तिनं ऐकलाय. इंजेक्शन नको, उस्तादांचा आशीर्वाद द्या म्हणतेय –

ओरडलो, दवाखान्यात ने! आत्ता ने! लोक म्हणाले, ऐकू नकोस, तो सैतान बोलतोय –

पान फाडून लिहिलं. दाराखालून सरकवलं. तिला वाचता येत नाही. उस्तादांच्या हातचं म्हणून डोळ्यांना लावला तिनं कागद. ओला आहे तो. माझ्या लाळेनं –

फटीतून दिसतंय. पोराच्या पायाची पट्टी सोडतेय ती –

बाई, नको. जखमेवर नको. तो कागद