जुन्या जोडणीची वजावट

ता. १४ मार्च

दादा,

सप्रेम नमस्कार. प्रेम किती उरलंय ते पत्र संपल्यावर ठरव. तुमच्याकडे सगळे बरे असतील. इथे मशीन चालू आहेत, ह्यांची पाठ दुखतेय, बाकी नेहमीचंच.

तुझ्या कार्यालयाचं पत्र मिळालं. खाली तुझी सही बघून डोक्यात तिडीक गेली. आईच्या जागेवर मी खाली लॉन्ड्री आणि वर दोन खोल्या बांधतेय, तर तुमच्या सांडपाणी विभागाने तो मोकळा प्लॉट ठरवला. मी खिडकीवर जाऊन विचारलं. तिथल्या बाई तुझ्यापेक्षा माणसासारखं बोलल्या. शुद्धीकरण केंद्र आणि मोठ्या वाहिन्यांचा खर्च घ्यायचा, त्यात किती घरांचं पाणी मावतं त्याने भागायचं, की एका घराचा वाटा निघतो. माझं एक मशीन म्हणजे चार घरं. मी म्हटलं, बरं, भरते. माझा फेस तुमच्या गटारात जाणार, ते मला मान्य आहे.

पण पुढचं ऐक. जागेवर जुनी जोडणी असेल तर तेवढा वाटा वजा होतो आणि काम लगेच सुरू करता येतं. मोकळ्या प्लॉटला मात्र केंद्रात जागा होईपर्यंत दीड वर्ष थांबावं लागतं. माझ्या दुकानाचा करार सप्टेंबरात संपतोय. दीड वर्ष मशीन कुठे ठेवू, तुझ्या दिवाणखान्यात?

जुनी जोडणी धरायला अट एकच, ती गेल्या पाच वर्षांत वापरात हवी. त्यावर तू वळणदार अक्षरात शेरा मारलास, "घर सहा वर्षांपासून बंद. वैयक्तिक माहितीवरून." पाण्याच्या मीटरची नोंद मागवायचेही कष्ट घेतले नाहीस. बहिणीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून तिलाच बुडवलंस. लहानपणी पण खेळात पंच झालास की आधी मलाच बाद करायचास, आणि वर सगळ्यांकडे बघायचास.

घर बंद नव्हतं.

तुझी वैयक्तिक माहिती म्हणजे मी फोनवर सांगितलेलं. आई सहा वर्षांपूर्वी माझ्याकडे राहायला आली, हे खरं. सात आठवडे राहिली. साबणाच्या वासाने तिचं डोकं उठायचं, तिच्या बोलण्याने माझं. एके दिवशी मी म्हटलं, एवढा त्रास होतोय तर जा आपल्या घरी. ती गेली. तुला सांगायचं नाही असं तीच म्हणाली, आणि मला ते सोयीचं होतं. तू तेव्हा ह्यांच्याशी भांडून "तुझ्या घराची पायरी चढणार नाही" म्हणाला होतास. पायरी चढणार नाहीस म्हटल्यावर आत कोण आहे नि कोण नाही, हे तुला दिसणार कसं?

तू रविवारी अकराला फोन करायचास. रविवारी लॉन्ड्री बंद, म्हणून मी डबा घेऊन तिच्याकडेच असायचे. फोन तिच्या हातात द्यायचे आणि ती म्हणायची, "मजेत आहे रे इथे, बहीण तुझी बसू देत नाही, सारखं खायला घालते." दोन वर्षं आम्ही दोघींनी तुला असं बनवलं. फोन ठेवल्यावर ती हसायची. मला त्या हसण्याचा राग यायचा.

गुरुवारी मी मीटरचा उतारा अर्जाला जोडणार आहे. तो तुझ्याच टेबलावर येईल, म्हणून आधी लिहितेय. दर महिन्याला दोन युनिट, म्हणजे दोन हजार लिटर, कधी तीन. एकटं म्हातारं माणूस आणखी किती सांडणार. शेवटच्या महिन्यात एकदम तेवीस. आकडा जास्त दिसला की तू लाल पेनने गोल करतोस, तर कारणही लिहून ठेवते.

त्या रविवारी मी गेले नव्हते. हॉटेलच्या दोनशे चादरी आल्या होत्या. तुझा फोन आला तेव्हा मी मशीनपाशी उभी होते, आणि तुला म्हटलं, "आई झोपलीये." तू म्हणालास, "उठवू नकोस."

मंगळवारी संध्याकाळी सातला गेले. ती न्हाणीघरात पडलेली, नळ पूर्ण सोडलेला. डॉक्टर म्हणाले, जाऊन फार वेळ झालेला नाही. तुला फोन करायच्या आधी तिला माझ्या घरी आणलं. केस कोरडे केले. इस्त्रीची चादर घातली. तेव्हा मात्र तू पायरी चढलास, आणि म्हणालास, "किती शांत दिसतेय." मी ऐकून घेतलं. चार वर्षं मी तेच वाक्य ऐकतेय.

माझी जोडणी मला दे. ती मेहेरबानी नाही, ते नियमात आहे. मला शिव्या घालायच्या तर घाल, पण शेरा आधी खोड.

आणि एक. नळ सातला मी स्वतः बंद केला. जास्तीची युनिटं वीस आहेत, आणि नळ मिनिटाला किती सोडतो हे तुला पाठ असतं. तो रविवारी अकराच्या आधी सुरू झाला की नंतर, हे तू दोन ओळींत काढशील. काढशीलच, तुला राहवणार नाही. मी चार वर्षांत भागाकार केलेला नाही.

उत्तर मला कळवू नकोस.

अर्जदार,
तुझी बहीण