आईभोवती दोन फेऱ्या

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? वहिनींनी सांगितलेला व्यायाम करतोस की नुसता 'करतो' म्हणतोस? इकडे सर्व क्षेम आहे. माझा डावा गुडघा सोलवटला आहे, बैठकीतला उभा दिवा मोडला आहे आणि आईला सूर्यमाला समजली आहे. तिन्ही गोष्टी एकाच संध्याकाळी घडल्या.

मागे तू फोनवर तिला पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे समजावत होतास, ती "मग पातेल्यातलं दूध हिंदकळत का नाही?" हाच धोशा लावून बसली होती, आणि तू वैतागून म्हणालास, "तुला हे पटलं तर मी स्वतः येऊन तुझ्यापुढे कान पकडीन." तू विसरला असशील. आई विसरली नाही. (मीही नाही, पण मला विचारतो कोण?) दुधाचे मी निभावून नेले. बस एका चालीने धावत असली की हातातल्या बाटलीतले पाणी स्वस्थ असते, हे तिने मान्य केले. गाडी अडली ती मंगळावर. "मंगळ मधेच काही दिवस मागे मागे जातो, आम्ही गच्चीवरून बघितलाय. फेऱ्या मारणारा माणूस असा उलटा चालतो होय रे?"

मग मी आईची खुर्ची बैठकीच्या मधोमध ठेवली, शेजारी दिवा लावला आणि तिला सूर्य केले. आतल्या वाटेने मी पृथ्वी, बाहेरच्या वाटेने सावकाश चालणारी तुझी भावजय मंगळ. पहिल्या फेरीत मी तिला गाठून पुढे गेलो आणि खरोखरच ती मला कपाटाकडून खिडकीकडे मागे सरकताना दिसली. दुसऱ्या फेरीत मी गिरक्याही घेतल्या. (हे टाळता आले असते. पण पृथ्वी स्वतःभोवतीही फिरते, आणि आईला अर्धीच पृथ्वी दाखवणे मला बरोबर वाटेना.) "ती बघ, मागे चालली!" असे ओरडत मी दिव्यावर पडलो.

अंधारातून आईचा आवाज आला, "कुठे मागे गेली? मी मधे बसून बघतेय, ती बिचारी एकाच दिशेने चाललीये. पळत पुढे गेलास तू आणि नावं तिला!" मग म्हणाली, "म्हणजे मधून पाहिलं की कुणीच उलटं जात नाही. मग सूर्यच मधे असणार, नाही का?"

दादा, मी पडल्या जागीच बसून राहिलो. (हा काटेकोर पुरावा नव्हे, हे मला कळते. पण आपल्या दोघांच्या पदव्या एकत्र केल्या तरी हे वाक्य आपल्याला सुचले नव्हते.) ऐंशीव्या वर्षी आपल्या आईने सूर्यावर बसून पाहिले! मंगळाचे म्हणणे एवढेच, की इतक्या वर्षांत सासूबाईंनी पहिल्यांदा तिची बाजू घेतली. दुसऱ्या दिवशी गुडघा दाखवायला डॉक्टरांकडे गेलो, तर ते मलमपट्टी करीत असताना आईने त्यांच्याच टेबलावर औषधाच्या बाटल्या फिरवून त्यांना मंगळ समजावला. मी रोजनिशीत 'आईला समजावले' असे लिहिले होते. ते खोडून 'आईला समजले' असे केले.

तुझा,
धाकटा

ता. क. : तू फोनवर विचारलेस तर ती 'मला बाई काही कळलं नाही' असेच म्हणेल. कळले म्हटले तर तू फोनवरच कान पकडून मोकळा होशील, अशी तिला धास्ती आहे.

दुसरा ता. क. : तिने तुला शनी नेमले आहे. "लांब असतो, सावकाश फिरतो, पण येतो," म्हणाली. दारापाशी तुझी वाट मोकळी केली आहे. येताना उभा दिवा आण. घरात सूर्य आहे, उजेड नाही.